आम्ही कळवलं होतं: एका विद्यापीठीय ग्रंथालयातलं प्रकरण

आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून साहित्य मागवण्याचा, एक अर्ज माझ्या टेबलावर आला, त्याला अकरा लेखांची यादी जोडलेली होती. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा. अशा अर्जाचं पहिलं काम ठरलेलं असतं: जे मागवलंय ते आपल्याकडेच तर नाही ना, हे पाहायचं. पाहिलं, तर अकरापैकी नऊ लेखांची नियतकालिकं आमच्या वर्गणीत होती. पूर्ण मजकुरासह, आणि तिला हव्या असलेल्या वर्षांसह.

तिला बोलावून घेतलं. "मॅडम, हे आपल्याकडे आहेत?" तिचा पहिला प्रश्न. कित्येक महिने ती दुसऱ्या विद्यापीठांतल्या मैत्रिणींकडून एकेक पीडीएफ मागवत होती. दर वेळी मेसेज करायचा, आठवण करायची, उपकार मानायचे. आता मागायलाही संकोच वाटू लागला म्हणून तिनं अर्ज भरला होता.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना राहवलं नाही. "अहो, आम्ही कळवलं होतं की!"

तिनं फोनमध्ये शोधलं. आमचा मेल होता, आणि वाचलेलाही होता. "यातली लिंक उघडली होती मी," ती म्हणाली. "पैसे मागत होतं." सहकाऱ्यांनी लगेच आपल्या संगणकावर तीच लिंक दाबली. लेख उघडला. दोघंही खरं बोलत होते.

मी तेव्हा या ग्रंथालयात ई-संसाधनांचं काम पाहायचे. ग्रंथालयाचं नाव देत नाही. चूक आमच्या खोलीतली होती आणि ती सांगायला नावाची गरज नाही.

कळवण्यात आम्ही मागे नव्हतो

आधी आमची बाजू. वर्षाच्या सुरुवातीला उद्बोधन वर्ग व्हायचा. नव्या विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून वेळा, नियम, दंड, ओपॅक (म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका), ई-नियतकालिकं, प्रबंधांचं भांडार, संदर्भ-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरं, वाङ्मयचौर्य तपासणी, सगळं एका तासात उरकायचं. नवा डेटाबेस आला की सर्वांना मेल. संकेतस्थळावर 'नवीन काय' नावाची सरकती पट्टी. सूचनाफलक. दर महिन्याला नव्या आवकेची यादी, तीही दाखल क्रमांकानुसार लावलेली. दाखल क्रमांकावरून पुस्तक शोधणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही. यादी नोंदवहीतून सरळ उतरवता येते, म्हणून ती मांडणी.

विभागांना जाणाऱ्या परिपत्रकांची तर वेगळीच कथा. ती लेटरहेडवर छापली जायची, त्यांवर सही-शिक्का व्हायचा, मग ती स्कॅन होऊन पीडीएफ म्हणून मेलला जोडली जायची. म्हणजे हाती उरायचं अक्षरांचं चित्र. त्यातला पत्ता दाबला तर काही होत नाही, कॉपी करता येत नाही, महिन्याभरानं मेलमध्ये शोधला तर सापडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर ते कोरं पानच. दृष्टिहीन वाचकांसाठी ग्रंथालयात कोणती सोय आहे हे सांगणारं परिपत्रकसुद्धा आम्ही असंच पाठवलं होतं. हे आठवलं की आजही ओशाळायला होतं.

तरीही वार्षिक अहवालात 'वाचक जागृती' या मथळ्याखाली मेल किती, फलक किती, वर्ग किती, हे आम्ही अभिमानानं छापायचो. त्यातून कुणाला काय कळलं, याला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

अहवालात नसलेली वाचक

हा अर्ज एरवी एक किस्सा म्हणून विसरला गेला असता. पण तो आला नूतनीकरणाच्या बैठकीच्या तोंडावर. एका प्रकाशकाचा नियतकालिकांचा संच चालू ठेवायचा की बंद करायचा, हे समितीला ठरवायचं होतं, आणि बंद करावा असं सुचवणारी टिपणी मीच लिहून ठेवली होती.

टिपणीचा आधार वापराचा अहवाल. ई-संसाधनांचा वापर मोजण्यासाठी 'काउंटर' नावाची एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. प्रत्येक प्रकाशकानं आपापल्या मापानं आकडे देऊ नयेत, म्हणून काय मोजायचं आणि कसं मोजायचं हे तिनं ठरवून दिलंय. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी 2019 पासून लागू झाली. किती लेख उघडले गेले हे त्या अहवालात कळतं. किती वेळा वाचकाला दारातून परत पाठवलं तेही कळतं: परवाना नव्हता म्हणून किती वेळा, आणि एका वेळी वापरणाऱ्यांची मर्यादा भरली म्हणून किती वेळा. वर्गणीच्या रकमेला उघडलेल्या लेखांच्या संख्येनं भागलं की एक लेख केवढ्याला पडला हे निघतं. या संचात तो फारच महाग पडत होता. परत गेलेल्यांचा आकडाही नगण्य. निष्कर्ष सरळ दिसत होता: कुणाला नकोय.

आणि नऊपैकी सहा लेख याच संचातले निघाले. ज्या मुलीच्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण या नियतकालिकांवर उभं राहणार होतं, ती आमच्या आकड्यांत होती कुठे?

कुठेच नव्हती. बहुतेक प्रकाशक संस्थेला ओळखतात ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. आवारातल्या जाळ्यातून कुणी गेलं तर पत्ता आमचा दिसतो आणि दार उघडतं. घरून गेलं तर तो रस्त्यावरचा अनोळखी माणूस. त्याला अडवल्याची नोंद संस्थेच्या खात्यावर पडत नाही, कारण तो त्या संस्थेचा आहे हेच प्रकाशकाला माहीत नसतं. त्यामुळे ती आलेल्यांत मोजली गेली नाही आणि परतलेल्यांतही नाही. 'मागणी नाही' आणि 'मागणी आहे पण दार सापडत नाही' या दोन्हींचा आकडा अहवालात हुबेहूब सारखा दिसतो. इतकी वर्षं मी तो अहवाल वाचत होते, आणि हे मला एका अर्जावरून कळलं.

शेजारी बसून पाहिलं

तिला विनंती केली, की तू एरवी जसा लेख शोधतेस तसा मला दाखव, मी मध्ये बोलणार नाही. संध्याकाळी तिनं आपल्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला. न बोलण्याचं वचन पाळणं फार अवघड गेलं. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला समोर कुणी शोधताना चुकतंय हे बघवत नाही.

ग्रंथालयाच्या संकेतस्थळाकडे ती फिरकलीच नाही. गूगल स्कॉलरमध्ये लेखाचं नाव टाकलं, पहिला निकाल दाबला, प्रकाशकाच्या पानावर आली. वर सारांश, खाली दोन बटणं. एक 'खरेदी करा', दुसरं 'संस्थेमार्फत प्रवेश'. माझी समजूत होती की मुलं पहिलं बटण बघूनच परत फिरत असतील. तिनं मात्र दुसरं दाबलं. संस्था शोधण्याची चौकट आली. तिनं आमच्या विद्यापीठाचं नाव लिहिलं. निकाल शून्य.

"बघा ना मॅडम, आपलं नावच नाहीये."

नाव नव्हतं, कारण ती यादी सामायिक ओळखप्रणालीत (संस्थेच्या एकाच खात्यानं अनेक प्रकाशकांकडे ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेत) सामील असलेल्या संस्थांची होती. आम्ही तिच्यात नव्हतो. आमची सोय प्रॉक्सी सर्व्हरची. प्रकाशकाच्या पत्त्याआधी आमचा एक ठरावीक पत्ता जोडायचा. मग ग्रंथालयाचं खातं आणि पासवर्ड विचारला जातो, आणि पुढची विनंती आमच्या सर्व्हरवरून जाते, म्हणून प्रकाशकाला वाचक आवारातच बसलाय असं वाटतं. ही सोय तीन वर्षं सुरळीत चालू होती. पण 'यादीत नाव नाही' याचा अर्थ 'वर्गणी नाही' असाच कुणीही घेईल. मीसुद्धा घेतला असता.

प्रॉक्सीची माहिती आमच्या संकेतस्थळावर होती. 'सेवा' या शीर्षकाखाली, त्यात 'ई-संसाधने', त्यात 'दूरस्थ प्रवेश', आणि तिथं एक पीडीएफ. मी विचारलं, हे पान कधी पाहिलंस का? "पाहिलं होतं. पण ते दूरशिक्षणवाल्यांसाठी असतं ना?"

या वाक्यावर मी बराच वेळ गप्प बसले. 'दूरस्थ प्रवेश' हा शब्द आम्ही बैठकीत चर्चा करून निवडला होता. शुद्ध होता, अचूक होता, आणि ज्याच्यासाठी होता त्यालाच दुसऱ्या वाटेला लावत होता.

त्याच रात्री घरी फोनवर मी आमचा तो मेल उघडला, तिनं वाचलेला आणि सहकाऱ्यांनी अभिमानानं दाखवलेला. लिंक दाबली. पैसे मागितले. प्रकाशकानं पाठवलेला जाहिरातवजा मजकूर आम्ही होता तसा उचलून सर्वांना पाठवला होता, आणि त्यातली लिंक थेट प्रकाशकाच्या पानाची होती, प्रॉक्सीशिवायची. मागचे मेल काढून बघितले. एकजात तसेच. कार्यालयातल्या संगणकावर सगळं उघडतं, कारण कार्यालय आवारात आहे. आपणच पाठवलेला मेल घरी जाऊन एकदा उघडून बघावा, असं तीन वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

उरलेल्या दोन लेखांचंही सांगून टाकते. एकाची स्वीकृत प्रत लेखकानंच आपल्या संस्थेच्या भांडारात कायदेशीरपणे मोफत ठेवलेली होती. दुसरा खरोखरच मागवावा लागला आणि आठवड्यात आला. अकरांच्या यादीत आंतरग्रंथालयीन देवघेवीचं खरं काम एवढंच.

माहितीशास्त्रात कॅल्व्हिन मूअर्स यांच्या नावानं एक नियम सांगतात. तो 1960 साली छापून आला. माहिती हाती असणं हे ती नसण्यापेक्षा जास्त त्रासाचं असेल, तर लोक ती यंत्रणा वापरणार नाहीत, असा त्याचा मूळ आशय; पुढे तो माहिती मिळवण्याच्या त्रासालाही लावला गेला. रंगनाथन यांनी तर 1931 मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत 'वाचकाचा वेळ वाचवा' हा चौथा नियम घातला होता. आमच्या नियतकालिक विभागात ते पाचही नियम चौकटीत टांगलेले आहेत. त्या चौकटीखाली बसूनच मी बंद करण्याची टिपणी लिहिली होती.

शब्द, वेळ आणि लिंक

समितीपुढे मी टिपणी बदलून ठेवली: एक वर्ष मुदत द्या, दार दाखवून बघू. एका सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला, "आणि वर्षानं आकडा तसाच राहिला तर?" तर बंद करू, असं लेखी दिलं.

लिंकचं काम सर्वांत सोपं निघालं आणि सर्वांत परिणामकारकही. संकेतस्थळावरच्या, तालिकेतल्या, मेलच्या साच्यांतल्या प्रत्येक लिंकला प्रॉक्सीचा पत्ता जोडला. नियम केला की पाठवणाऱ्यानं मेल आधी स्वतःला पाठवायचा, आवाराबाहेर फोनवर उघडायचा, आणि मग सर्वांना. या नियमामुळे पहिल्याच महिन्यात दोन मेल थांबले.

शब्द बदलताना मात्र वाद झाले. 'दूरस्थ प्रवेश'च्या जागी 'घरून लेख वाचा' लिहायचं ठरलं, तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते फार घरगुती वाटलं. मेलच्या विषयाची ओळ पूर्वी 'ई-संसाधनांच्या प्रभावी वापराबाबत' अशी असायची. आता लिहिलं, 'लेख उघडताना पैसे मागतोय? हे करा'. खाली चार ओळी. एका मेलमध्ये एकच गोष्ट. शेवटी माणसाचं नाव आणि त्याचा फोन. पूर्वीचे मेल उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून जायचे. तो पत्ताच बंद केला.

उत्तरं यायला लागली तेव्हा कळलं की आम्ही काय काय सांगत नव्हतो. एकानं विचारलं, या नियतकालिकाचे जुने अंक का उघडत नाहीत? चालू वर्गणी घेतली तरी जुन्या अंकांचा साठा अनेकदा वेगळा विकत घ्यावा लागतो, हे आमच्या दृष्टीनं इतकं उघड होतं की कधी लिहिलंच नव्हतं. तालिकेत आता प्रत्येक शीर्षकापुढे 'इथपासून इथपर्यंतचे अंक वाचता येतील' अशी वर्षं दिसतात.

ती मुलगी ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेवर आपण उभं राहायचं, हा पुढचा विचार. लोक गूगल स्कॉलर सोडणार नाहीत, आणि का सोडावं? ग्रंथालय आपल्या वर्गणीची यादी स्कॉलरला देऊ शकतं. मग वाचकानं सेटिंग्जमध्ये ग्रंथालयाचं नाव एकदा निवडलं की निकालाशेजारी आपल्या ग्रंथालयाची लिंक दिसू लागते. आम्ही यादी दिली. नाव निवडण्याची कृती मेलने सांगून कुणी केली नाही. देवघेव काउंटरवर आलेल्याच्या फोनमध्ये समोर करून दिली, तेव्हा झाली. दोन मिनिटांचं काम.

ओपॅकमध्ये काही सापडलं नाही की 'एकूण नोंदी: 0' एवढंच यायचं. वाचक निराश होऊन उठतो तो नेमका या ओळीवर, आणि सगळ्या सेवा सांगायला याहून चांगली जागा ग्रंथालयात नाही. आता त्या ओळीखाली तीन वाक्यं येतात: शब्द असा बदलून पाहा, लेख हवा असेल तर इथं शोधा, नसेल तर आम्ही मागवून देऊ. शेवटच्या वाक्यात अर्जाची लिंक. इतक्या वर्षांत आंतरग्रंथालयीन देवघेवीची याहून चांगली जाहिरात आम्हाला सुचली नव्हती.

उद्बोधन वर्ग वीस मिनिटांवर आणला. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याकडे प्रश्नच नसतो, उत्तरं देऊन काय होणार? कुठे बसायचं, पुस्तक कसं न्यायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढंच ठेवलं. बाकीचं संशोधन आराखडे द्यायच्या आधीच्या पंधरवड्यात. त्या तारखा विभागांच्या कार्यालयांत फोन करून मिळवाव्या लागल्या, कारण त्या आम्हाला कुणी कळवत नसे. कळवण्याचा हा दुष्काळ दोन्ही बाजूंना होता.

गेलेल्याचंही सांगायचं

एका बदलाबद्दल आमच्यातच एकमत नव्हतं, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोवर आम्ही फक्त येणाऱ्याची वर्दी द्यायचो. नवा डेटाबेस आला की फलक. जुना बंद झाला की शांतता. वाचकाला ते कळायचं एक दिवस लिंक मेल्यावर. सर्व्हर पडला तरी तसंच. दुरुस्त होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, ही अलिखित रीत.

आता बंद होणाऱ्या शीर्षकांची यादी आधी जाते. कोणत्या तारखेपासून बंद, करारानुसार कोणत्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील, नवे लेख हवे असतील तर कसे मागवायचे. हे तिसरं कलम नसेल तर अशी सूचना नुसती शोकवार्ता होते. बिघाड झाला तर संकेतस्थळावर वरच एक ओळ: काय बंद आहे, तोवर काय वापरा. दुरुस्त झाल्यावर ती काढायचीही जबाबदारी एका माणसाची, नाहीतर महिनाभर 'बंद आहे' वाचून लोक चालू दार टाळतात. आमच्याकडे एकदा झालंय.

पहिल्या यादीनंतर तक्रारी वाढल्या. एका विभागानं तर कडक पत्र लिहिलं. ग्रंथपाल सर अर्ध्या थट्टेत म्हणाले, "न सांगता बंद केलं असतं तर एवढा त्रास झाला नसता." खरं होतं ते. पण त्या पत्रामुळेच कळलं की वगळलेल्यांपैकी एक नियतकालिक दोन संशोधकांच्या चालू कामाचा कणा होतं. त्याची वर्गणी स्वतंत्रपणे पुन्हा सुरू झाली.

जे फसलं

चॅट ग्रुप काढला. महिन्याभरात तो एकाच तुकडीचा झाला. सणाच्या शुभेच्छा, हरवलेल्या बाटल्या, आणि 'कुणाकडे या पुस्तकाची पीडीएफ आहे का' यांत आमच्या सूचना बुडाल्या. शेवटच्या प्रकारच्या मागण्यांमुळे तो लगेच बंद करावा लागला. ग्रंथालयाच्या नावानं चोरीच्या प्रती फिरलेल्या परवडत नाहीत.

छापील अंकांच्या कपाटांवर क्यूआर कोड चिकटवले, 'याचे ई-अंक इथं'. संकेतस्थळाची रचना बदलली आणि सगळे एका रात्रीत मेले. छापलेला कोड दुरुस्त करता येत नाही. तो आधी आपल्या ताब्यातल्या एका मधल्या पत्त्यावर न्यायचा आणि तिथून पुढे वळवायचं, हे शहाणपण दुसऱ्या छपाईला आलं.

नव्या आवकेची यादी कुणी वाचत नाही असं गृहीत धरून बंद केली. दोन ज्येष्ठ प्राध्यापक विचारत आले. ते ती खरोखर ओळ न् ओळ वाचायचे. आता ती विषयवार लावून छापतो आणि वाचनकक्षात ठेवतो. सर्वांना मेल करत नाही.

त्यांच्यापैकी एक सर म्हणाले, पूर्वी नियतकालिकाचा अंक आला की त्याच्या अनुक्रमणिकेची झेरॉक्स विभागात यायची, त्यावर खूण करून परत पाठवली की लेख टेबलावर. छापील अंक थांबले तेव्हा ती झेरॉक्सही थांबली, आणि तिच्या जागी काही आलंच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. निवडक माहिती प्रसारणाची कल्पना हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये मांडली ती नेमकी हीच: प्रत्येकाच्या आवडीच्या विषयांची नोंद ठेवा, नव्या मजकुराशी ती ताडून पाहा, ज्याचं त्याला पाठवा. आम्ही मात्र संगणक हाताशी असताना 'सर्वांना' या एकाच बटणावर येऊन थांबलो होतो.

ही सेवा परत आणायचा पहिला प्रयत्नही फसला. आवडीचे विषय विचारणारा अर्ज आम्ही इतका लांब केला की तो बहुतेकांनी अर्ध्यातच सोडला. एका सहकाऱ्यांनी सुचवलं, अर्ज कशाला, कोण कोणती पुस्तकं नेतं ते आपल्याकडे आहेच, त्यावरूनच पाठवू. हे मी मान्य केलं नाही. कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी बाब. 'इफ्ला' या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं 2012 साली स्वीकारलेल्या आचारसंहितेतही वाचकाच्या खासगीपणाचा आदर हे ग्रंथपालाचं कर्तव्य मानलंय. पुस्तक परत आलं की त्याची वाचकाशी जोडलेली नोंद आम्ही उलट पुसायला लागलो. शेवटी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे एकेकटं जाऊन, त्यांच्या संगणकावर त्यांच्याच हातानं, हव्या त्या नियतकालिकांच्या नव्या अंकाची सूचना सुरू करून दिली. संथ काम आहे. पण झालेलं टिकतं.

वर्षानंतर संचाचा वापर वाढलेला दिसला आणि समितीनं तो चालू ठेवला. याचं सगळं श्रेय मला घेता येत नाही. त्याच वर्षी एका विभागात नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता, आणि मोजणी दोन्हींची एकत्रच होते. आपल्याकडेच असलेल्या लेखांसाठीचे अर्ज मात्र कमी झाले. थांबले नाहीत.

काउंटरवरची पाटी

सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट सगळ्यात जवळ होती. वाचक ई-संसाधनांच्या विभागात येत नाही. तो देवघेव काउंटरवर येतो, बहुधा संध्याकाळी, माझ्या टेबलावरचा दिवा बंद झाल्यावर. तिथं असतात परिचर काका. त्यांना आम्ही कधीच काही कळवलं नव्हतं. 'सर्वांना' जाणाऱ्या मेलमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता. त्या मुलीनंही सुरुवातीला त्यांनाच विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं, "ते ऑनलाइनचं वर विचारा." वरचा विभाग तेव्हा बंद झालेला असायचा.

मग ठरवलं की कोणतीही सूचना आधी काउंटरवर, मग बाहेर. त्यांच्यासाठी एका पानाची पाटी केली: लोक काय विचारतील, काय सांगायचं, काय करून दाखवायचं. पहिल्या पाटीत माझेच शब्द होते. काकांनी वाचली आणि म्हणाले, "मॅडम, असं कुणी विचारत नाही." कसं विचारतात ते त्यांनी सांगितलं, तसं लिहिलं.

तरी एक तक्रार येत राहिली: ग्रंथालयातच बसलोय, तरी लेख उघडत नाही. आम्ही प्रॉक्सी तपासला, प्रकाशकाला लिहिलं, आवाराच्या आयपी पत्त्यांची यादी पुन्हा पाठवली. सगळं ठीक होतं. दोन आठवड्यांनी पाटी नवी छापायला घेतली, तेव्हा जुन्या पाटीच्या तळाशी निळ्या पेनानं एक ओळ वाढलेली दिसली, काकांच्या अक्षरात: 'आधी मोबाईलचा डेटा बंद करून आपलं वायफाय लावायला सांगणे.'

नव्या पाटीत ती पहिली ओळ आहे.